भाड्याच्या जागेतील प्रार्थनामंदिर



स्मरणिकेसाठी काही तरी लिहा, असे आपल्या चिटणीसबाईंनी मला सांगितले तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. लोणच्याची कृती मागितली असती तर आनंदाने दिली असती. इतिहासावर लिहावयाचे म्हणजे मोठ्या माणसांचे काम. परंतु गेले चार महिने एक विषय माझ्या मनात घोळत आहे व तो इतिहासाचाच आहे, म्हणून धीर करून लिहिते. चुकलेमाकले सांभाळून घ्यावे.

आपल्या मंडळाचा खोपटातील गाळा आपल्याला सोडावा लागणार, हे आता सर्वांना ठाऊक आहे. इमारत जुनी झाली, ती पाडून नवी बांधावयाची आहे, आणि आपण पडलो भाडेकरू. त्या दिवशीच्या सभेत कोणी तरी म्हणाल्या, "जागा गेली की मंडळ संपलेच." ते वाक्य मला फार लागले. कारण पाच वर्षांपूर्वी गाळ्यात भिंतीत बसवलेले पक्के कपाट आणि सिमेंटचा ओटा करून घ्यावा, असा हट्ट धरणारी मीच होते. मंडळाच्या शिलकीतला मोठा हिस्सा त्यात गेला. शिवणाची यंत्रे उचलून नेता येतील, सतरंज्या गुंडाळता येतील. ओटा काही डोक्यावर घेऊन जाता येत नाही.

घरी येऊन मी ही रड आमच्या शेजारच्या मावशींपुढे गायिली. मावशी बेने इस्रायली आहेत. टेंभी नाक्यावरचे जे सिनेगॉग, तेथे त्या लग्न होऊन आल्यापासून जातात. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "अगं, आमच्या लोकांनी किती तरी परक्यांच्या खोल्यांतून देवाचे केले. आमच्यात आधी पोथी, मग पोथीची पेटी, आणि खोली सर्वांत शेवटी. तू खोलीच धरून बसलीस."

त्या दिवसापासून दुपारची कामे आटोपली की मी त्यांच्याकडे जाऊन बसू लागले. काही त्यांनी सांगितले, काही वाचनालयातील पुस्तकांत सापडले. त्यातून जे समजले ते येथे क्रमाने मांडते.

प्रथम हे लोक कोण ते सांगते, कारण रोज त्यांच्या सिनेगॉगावरून रिक्षाने जाणाऱ्या आपल्यातल्या पुष्कळ जणींना ते ठाऊक नाही. बेने इस्रायल म्हणजे इस्रायलची लेकरे. त्यांची परंपरा अशी की शेकडो वर्षांपूर्वी त्यांच्या पूर्वजांचे गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर फुटले व त्यातून सात पुरुष व सात बायका वाचल्या. धर्माची पुस्तके समुद्रात गेली. वाचलेली माणसे कोकणातल्या गावांत राहिली, मराठी बोलू लागली, तेलाचे घाणे चालवू लागली. शनिवारी त्यांचे घाणे बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. गावावरून आडनावे पडली : पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर, केहीमचे केहिमकर.

आता येथे एक गोष्ट ध्यानात घ्या. या लोकांना कोकणात शेकडो वर्षे एकही प्रार्थनामंदिर नव्हते. ग्रंथ नव्हता, हिब्रू भाषा विसरली होती. एक 'शेमा' म्हणजे देव एकच आहे अशी ग्वाही देणारे वचन तेवढे तोंडी राहिले होते. मग धर्म कोठे राहिला? तो घरात राहिला. शुक्रवारी दिवस मावळण्यापूर्वी चूल आवरावयाची, शनिवारी विस्तव पेटवावयाचा नाही. खवले व पर असलेलीच मासळी घ्यावयाची, मटण व दूध एकत्र करावयाचे नाही. आठव्या दिवशी मुलाची सुंता. सणांची नावेही मराठीच : नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा रोजा, दारफाळणीचा सण. या शेवटच्या दिवशी दारे लावून घेऊन कडक उपास करावयाचा. खिरीचा सण म्हटल्यावर ती खीर रांधली कोणी, आणि बिरड्याचे वाल सोलले कोणी, हे मी सांगावयास नको. पुस्तकांत पुरुषांची नावे येतात; परंतु मंदिर नव्हते त्या काळात धर्म सांभाळला तो स्वयंपाकघरांनी, असे मावशी म्हणतात आणि मला ते पटते.

त्यांचे पहिले सिनेगॉग मुंबईत झाले ते १७९६ साली. सामाजी हसाजी दिवेकर हे कंपनी सरकारच्या पलटणीतले अंमलदार. म्हैसूरच्या लढाईत ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. सुटलो तर देवाचे घर बांधीन असा त्यांनी नवस केला आणि सुटून आल्यावर तो फेडला, असे सांगतात. त्या वास्तूचे नाव 'शार हरहमीम', म्हणजे दयेचे द्वार. मशीद बंदराजवळ सॅम्युएल स्ट्रीट आहे, ते नाव या दिवेकरांचेच. बेने इस्रायली लोक आपल्या सिनेगॉगला बोलताना 'मशीद'च म्हणत. त्यामुळे ही जुनी मशीद. पुढे कोकणात जेथे वस्ती होती तेथे सिनेगॉगे उभी राहू लागली : रेवदंड्यास १८४२ मध्ये, अलिबागेस १८४८ मध्ये, पनवेलीस १८४९ मध्ये, पेणेस १८६३ मध्ये. आपल्या ठाण्यास १६ एप्रिल १८५३ रोजी आगगाडी आली. सरकारी कचेऱ्या, रेल्वे, पलटण यांतून नोकऱ्या करणारी बेने इस्रायली कुटुंबे येथे राहू लागली आणि १८७९ साली टेंभी नाक्याचे सिनेगॉग झाले. त्याचे नाव 'शार हशामाइम', स्वर्गाचे द्वार. नवरात्रात जेथे देवी बसते त्याच नाक्यावर ते उभे आहे.

येथवरचा इतिहास पक्क्या इमारतींचा झाला. माझा विषय याच्या पुढचा आहे.

मुंबई वाढली तशी माणसे नोकरीच्या मागे निरनिराळ्या वस्त्यांत पांगली. आता यहुदी धर्माचा नियम असा की शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या संध्याकाळपासून शनिवारच्या रात्रीपर्यंत, वाहनात बसावयाचे नाही. प्रार्थनेला पायी जावयाचे. मशीद बंदरचे सिनेगॉग कितीही सुंदर असले तरी महालक्ष्मीकडे किंवा कुर्ल्यास राहणाऱ्या म्हाताऱ्याने तेथे चालत कसे जावे? शिवाय पूर्ण प्रार्थनेसाठी दहा प्रौढ पुरुष जमावे लागतात. याला 'मिनयान' म्हणतात. म्हणून जेथे दहा-वीस घरे झाली तेथे लोक एखादी खोली, एखादा मजला, एखादे घर बघत आणि तेथे प्रार्थना सुरू करीत. स्वतःची जागा घेण्याइतका पैसा गाठीशी नसे. याला 'प्रेयर हॉल' किंवा प्रार्थनालय म्हणत. जेकब सर्कलला १८८६ साली असे प्रार्थनालय सुरू झाले. त्याची स्वतःची इमारत, 'तिफेरेथ इस्रायल', झाली ती १९२४ साली, म्हणजे अडतीस वर्षांनी. उमरखाडीत १८८८ साली 'एट्झ हाईम', म्हणजे जीवनाचा वृक्ष, या नावाचे प्रार्थनालय निघाले, ते दाट वस्तीतल्या एका इमारतीतच. आग्रीपाड्याचे 'मागेन हसिदीम' १९०४ साली सुरू झाले व १९३१ साली आजच्या वास्तूत आले. कुर्ल्यास १९४६ साली बेने इस्रायली प्रार्थनालय निघाले. अडतीस वर्षे खोलीत, मग इमारत! आपल्या मंडळाचे वय त्याहून कमी आहे.

तेव्हा मला प्रश्न पडला की चार भिंतींची, दुसऱ्याच्या मालकीची, कालपर्यंत कोणाचे दुकान किंवा बिऱ्हाड असलेली खोली प्रार्थनामंदिर होते तरी कशी? आपल्याकडे मूर्तीची प्रतिष्ठापना झाली की ती जागा देवाची झाली. तेथून देव हलवावयाचा म्हणजे केवढे संकट. त्यांच्यात काय करतात?

मावशींनी उत्तरादाखल त्यांच्या सर्वांत जुन्या मंदिराची हकिकत सांगितली. मिसर देशातून सुटल्यावर त्यांचे पूर्वज चाळीस वर्षे रानावनात फिरत होते. तेव्हा त्यांचे मंदिर म्हणजे एक तंबू होता. अठ्ठेचाळीस फळ्या, प्रत्येक फळीखाली चांदीच्या दोन बैठका, वर कापडाची व कातड्याची आच्छादने. मुक्काम हलला की फळ्या सुट्या करावयाच्या, कापड गुंडाळावयाचे आणि पुढच्या मुक्कामी पुन्हा उभे करावयाचे. आत आज्ञा लिहिलेल्या दगडी पाट्यांची पेटी होती. तिच्या कड्यांत दोन दांडे घातलेले असत आणि ते दांडे कधीही काढावयाचे नाहीत, असा हुकूम होता. पेटी नेहमी उचलण्याच्या तयारीतच! आणखी मौज ऐका. या तंबूची कापडे विणण्यासाठी सूत कातले ते बायकांनी, आणि हातपाय धुण्याचे तांब्याचे भांडे घडवले ते बायकांनी आपले आरसे दिले त्यांतून, असे त्यांच्या धर्मग्रंथात सांगितले आहे. हे ऐकून मला आपल्या शिवणवर्गाची आठवण झाली.

दुसरी गोष्ट नियमांची. सोळाव्या शतकात योसेफ कारो नावाच्या पंडिताने यहुदी आचारांचा मोठा ग्रंथ लिहिला, 'शुल्हान आरुख'. तो जगभरचे यहुदी आजही प्रमाण मानतात. त्यात स्पष्ट आहे की भाड्याने घेतलेल्या घरात लोक प्रार्थना करीत असले तरी त्या घराला सिनेगॉगचे कायमचे पावित्र्य येत नाही. मला आधी हे रुक्ष वाटले. विचार केल्यावर त्यातली सोय कळली. भाडेकराराची मुदत संपली, मालकाने जागा परत मागितली, तर ती सोडताना पाप लागत नाही. पोथी उचलावी, पेटी उचलावी, दिवा घ्यावा आणि निघावे. उद्या त्याच खोलीत कोणी किराणा विकू लागला तरी देवाची विटंबना झाली असे होत नाही.

त्याहूनही जुना, सुमारे अठराशे वर्षांपूर्वीच्या 'मिश्ना' ग्रंथातला एक नियम आहे. गावचा चौक विकला तर त्या पैशात सिनेगॉग घ्यावे. सिनेगॉग विकले तर त्यातून पेटी घ्यावी. पेटी विकली तर पोथीची वस्त्रे घ्यावीत, वस्त्रे विकली तर इतर धर्मपुस्तके, आणि ती विकली तर खुद्द तोरा घ्यावी. याच्या उलट कधी करावयाचे नाही. पोथी विकून पेटी घेता येत नाही, पेटी विकून इमारत बांधता येत नाही. पैसा नेहमी खालच्या पायरीवरून वरच्या पायरीकडेच जावा. इमारत या जिन्यात अगदी खाली आहे! मावशींचे पहिल्या दिवशीचे वाक्य कोठून आले ते मला तेव्हा उमगले.

ही पोथी म्हणजे 'सेफेर तोरा'. चामड्यावर हाताने लिहिलेली गुंडाळी. तीत तीन लाख चार हजार आठशे पाच अक्षरे असतात आणि एकही अक्षर चुकून चालत नाही. ती महाग असते व तिला फार जपतात.

मावशींबरोबर मी एकदा टेंभी नाक्याच्या सिनेगॉगात जाऊन आले. डोक्यावर पदर घेतला. त्यानंतर आम्ही दोघींनी एक खेळ केला. मी आपल्या गाळ्याचे माप घेतले : रुंदी बारा फूट, लांबी चोवीस फूट. आणि या गाळ्यात उद्या प्रार्थनालय करावयाचे झाले तर कसे मांडाल, असे मी त्यांना विचारले. वहीच्या पानावर त्या सांगत गेल्या व मी रेघा मारीत गेले. तो आराखडा शब्दांत देते, कारण पूर्वीच्या लोकांनी छोट्या खोलीत काय काय विचार केला असेल ते त्यावरून कळेल.

प्रथम दिशा. प्रार्थना जेरुसलेमकडे तोंड करून करावयाची. युरोपातल्या यहुद्यांना ते शहर पूर्वेस पडते, आपल्याला पश्चिमेस. म्हणून पोथीचे कपाट पश्चिमेच्या भिंतीशी. या कपाटाला 'हेखाल' म्हणतात. मोठ्या सिनेगॉगात ते भिंतीतच बांधलेले, नक्षीचे असते. भाड्याच्या जागेत ते सुटे, लाकडी, दोन माणसांना उचलता येईल असे करावे. खाली सुटा पाट, पुढे पडदा. हे ऐकताना मी मान खाली घातली, कारण माझे ते भिंतीतले कपाट! आपल्या गाळ्याचे शटर पूर्वेला आहे, त्यामुळे दिशा जुळली. शटर पश्चिमेला असते तर? मावशी म्हणाल्या, मग मागच्या दाराने ये-जा ठेवावी आणि शटर खाली ओढून त्याच्या पुढे पडदा व हेखाल मांडावा. रस्त्याचा गलका मात्र सोसावा लागला असता.

हेखालच्या वर एक दिवा सतत तेवत ठेवतात. पूर्वी काचेच्या हंडीत तेल घालीत, आता पुष्कळ ठिकाणी विजेचा असतो. आढ्याला खिळे मारण्यास मालक नको म्हणाला तर दिवा कपाटाच्याच माथ्यावरील लाकडी कमानीला टांगावा.

दुसरी वस्तू 'तेबा'. हे पोथी वाचण्याचे व्यासपीठ. आपल्या इकडच्या सिनेगॉगांत ते बहुधा खोलीच्या मध्यभागी, चारी बाजूंनी कठडा असलेले असते. बारा फुटांच्या खोलीत कठडा घातला तर माणसांनी बसावे कोठे? म्हणून उतरत्या फळीचे एक मजबूत मेज पुरे. ते भरभक्कम दिसावे, परंतु सरकावे. कारण तोरा-वाचनाचे वर्ष पुरे होते त्या आनंदाच्या सणाला पोथ्या हातांत घेऊन तेबाभोवती सात फेऱ्या घालतात, मुले नाचतात. त्या दिवशी खुर्च्या भिंतीकडे गेल्या पाहिजेत.

बैठक ही तिसरी अडचण. साध्या शनिवारी बारा माणसे आणि किप्पूरच्या उपासाला साठ! बारा माणसांना साठांच्या खोलीत बसवले तर खोली ओकीबोकी दिसते व म्हणणाऱ्याचा आवाज हरवतो. म्हणून बाके न ठेवता घडीच्या खुर्च्या, आणि आडवा सरकता पडदा. रोज पडदा पुढे आणून खोली लहान करावयाची. सणाला तो मागे लोटावयाचा. पडद्याच्या मागे एरवी मुलांचा हिब्रूचा वर्ग भरवावा किंवा शब्बाथच्या प्रार्थनेनंतरचे मेज मांडावे. त्या मेजावर मनुकांचे सरबत असते. ते मनुका भिजवून घरीच करतात व त्यावर आशीर्वाद म्हणतात.

शब्बाथला विजेचे बटणही दाबावयाचे नाही. म्हणून दिवे-पंखे शुक्रवारीच दिवस मावळण्यापूर्वी लावून ठेवावे लागतात, किंवा आपोआप चालू-बंद होणारे घड्याळ बसवावे लागते. एलियाहू हन्नाबीच्या नावाने 'मलिदा' करतात तेव्हा पोहे, खोबरे, साखर व फळे यांचे ताट मधोमध ठेवावयाचे. त्यासाठी जमीन मोकळी व स्वच्छ हवी. मांडवांच्या सणाला मात्र गाळा कामाचा नाही, कारण मांडवाला वर उघडे आकाश लागते. त्यासाठी मागच्या चौकाची किंवा गच्चीची परवानगी मालकाकडून करारातच लिहून घ्यावी. ही शेवटची सूचना ऐकून मी हसले, परंतु मावशी गंभीर होत्या. "भाड्याच्या जागेत देवापेक्षा मालकाला आधी विचारावे लागते," असे त्या म्हणाल्या.

चौथी गोष्ट आपल्याशी फार संबंधित आहे. बायकांनी बसावे कोठे? जुन्या सिनेगॉगांत बायकांची जागा बहुधा वर माडीवर असते. एका मजल्याच्या खोलीत माडी कोठली? मग मागच्या बाजूस पडदा लावून बायकांना बसवीत. मावशींनी आपल्या एका आत्यांचे सांगितले. त्या लहानपणी अशाच एका खोलीत पडद्यामागे बसत. त्यांना पोथी कधी दिसलीच नाही, फक्त घुंगरांचा आवाज यावयाचा. पोथीच्या दांड्यांना चांदीची घुंगरे लावतात, तो. मी विचारले, वाईट वाटत असे का? त्या म्हणाल्या, "आत्या म्हणायची, पडदा कापडाचा होता हे बरे, दगडाची माडी असती तर कोणी हलवली असती?"

आणि खरोखरच पडदा हलवणारी एक बाई निघाली. डॉ. जेरुशा झिराड यांचे नाव आपल्यातल्या वयस्क भगिनींनी कदाचित ऐकले असेल. बेने इस्रायली घराण्यातल्या या बाई सरकारी शिष्यवृत्तीवर विलायतेत जाऊन डॉक्टरीचे उच्च शिक्षण घेऊन आल्या आणि १९२८ ते १९४७ या काळात मुंबईच्या कामा हॉस्पिटलच्या प्रमुख होत्या. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. लंडनमध्ये असताना तेथील सुधारक यहुदी मंडळींशी, विशेषतः लिली माँटेग्यू या बाईंशी, त्यांचा परिचय झाला. परत आल्यावर १९२५ साली त्यांनी मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' सुरू केली; तीच पुढे 'रोदेफ शालोम' या नावाने ओळखली गेली. तेथे बायका व पुरुष एकत्र बसून प्रार्थना करू लागले. जुन्या वळणाच्या लोकांना हे पसंत नव्हते, आणि आजही बहुतेक बेने इस्रायली जुन्याच पद्धतीने जातात. मावशी स्वतः जुन्याच पद्धतीच्या. तरी त्यांना झिराडबाईंचा अभिमान आहे. बेने इस्रायली बायकांचे स्त्री मंडळही मुंबईत होते व झिराडबाई त्यात काम करीत, हे वाचून मला आपलेच कोणी भेटल्यासारखे वाटले. पुढे दिल्लीस हुमायून रोडवर १९५६ साली 'जुडा हयम हॉल' झाला. तेथे यहुदी घरे इतकी थोडी की बायका व पुरुष एकत्रच बसतात. माणसे थोडी असली की मांडणी आपोआप बदलते, असेही दिसते.

आता या कथेचा उदास भाग. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतात बेने इस्रायलींची संख्या सुमारे वीस हजार होती. १९४८ साली इस्रायल राष्ट्र झाले आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत बहुतेक कुटुंबे तिकडे गेली. तेथेही सर्व सुखाचे नव्हते. तुम्ही खरे यहुदी की नाही, असा वाद तिकडच्या काही धर्मगुरूंनी घातला व १९६४ साली तेथील संसदेने त्यांच्या बाजूने ठराव केला तेव्हा तो शमला. तिकडे गेलेल्यांनी मराठीही बरोबर नेली. 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी इस्रायलमध्ये काढले. इकडे कोकणातल्या ज्या सिनेगॉगांत पूर्वी बसावयास जागा नसे, तेथे दहा पुरुष जमण्याचीही पंचाईत झाली. आज भारतात राहिलेल्या काही हजारांपैकी बहुतेक मुंबई-ठाण्याकडे आहेत. महाराष्ट्र सरकारने २०१६ साली त्यांना अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला.

या ओसरत्या काळात खोली व इमारत यांतला फरक दिसतो. पक्की इमारत माणसे गेली तरी मागे उरते. तिचे छप्पर गळते, तिला रंग लागतो, आणि मागे राहिलेल्या मूठभर घरांवर तिचा भार पडतो. तिचे मोलही आहे. टेंभी नाक्याचे सिनेगॉग नसते तर ठाण्याच्या इतिहासाचे हे पान आपल्यासारख्यांना कधी दिसलेच नसते. भाड्याच्या खोलीचे तसे नाही. तिने त्या त्या वेळची माणसे एकत्र ठेवली, आणि वेळ आली तेव्हा पोथी दुसऱ्या घरी पोहोचवून ती पुन्हा साधी खोली झाली. तिचा पत्ताही आज कोणाला सांगता येत नाही. मी मावशींना विचारले, याचे दुःख होत नाही का? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "होते ना. आईच्या शेजारी मी ज्या खोलीत पहिल्यांदा शेमा म्हटले, तेथे आता काय आहे कोणास ठाऊक. पण शेमा येतो मला अजून."

हायेम सॅम्युएल केहिमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून ठेवला. तो छापला गेला १९३७ साली. चाळीस वर्षे ते लिखाण कोणी तरी जपून ठेवले म्हणून आज आपल्याला पुष्कळ गोष्टी ठाऊक आहेत. हे वाचले आणि मी उठून आपल्या मंडळाच्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या सभेचे इतिवृत्त, वर्गणीची यादी, शिवणवर्गातून शिकून गेलेल्या मुलींची नावे. दोन वह्यांना वाळवी लागली आहे. कोठे ठेवल्या होत्या? माझ्या त्या भिंतीतल्या पक्क्या कपाटात, ज्याच्या मागून ओल येते. ओट्यावर पैसे घालताना वह्यांसाठी एक पत्र्याची पेटी घ्यावी, असे मला सुचले नव्हते. मिश्नाच्या जिन्यावर मी उलटी चढले होते.

त्या वह्यांची चांगली पाने मी आता नव्या वहीत उतरवून घेत आहे. ज्या भगिनींना जुन्या गोष्टी आठवत असतील त्यांनी दुपारी आमच्या घरी यावे, म्हणजे वाळवीने खाल्लेल्या ओळी भरून काढता येतील. नवी जागा मिळेपर्यंत शिवणवर्ग पाळीपाळीने कोणाकोणाच्या घरी चालवावा, अशी सूचना मी पुढच्या सभेत मांडणार आहे. पहिला महिना आमच्या घरी. आणि नवी जागा मिळाली की तेथे भिंतीत काही बसवावयाचे नाही. दोघी जणींना उचलता येईल असे एक लाकडी कपाट, घडीच्या खुर्च्या, व एक सरकता पडदा. पडद्याचे कापड माझ्याकडून.

गाळ्याची किल्ली मालकाला परत देताना मावशी माझ्याबरोबर येणार आहेत. त्या म्हणतात, जागा सोडताना तिचे आभार मानून निघावे. तिने आपले काम केले.